राजदूत ३५० मारकी का ठरली, आणि तरीही ती कशी चालवावी

सांगलीकडच्या एका तरुणाने विचारलं आहे : "वडिलांची १९८६ची राजदूत ३५० कित्येक वर्षं गोठ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. मला ती चालू करायची आहे. घरात सगळे म्हणतात, ती मारकी गाडी आहे, हात लावू नकोस. तुम्ही असल्या गाड्या बाळगल्यात. ही भीती कितपत खरी? आणि सुरुवात कुठून करू?"

भीती खरी आहे, आणि गाडी चालू करण्याच्या लायकीचीही आहे. मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो. येझदी आणि राजदूत ३५० या मोटरसायकली, एक जुनी विलीज जीप आणि मालवणला मावसभावाबरोबर भागीत घेतलेली आउटबोर्डवाली, म्हणजे मागच्या कडेला बाहेरून इंजिन लावलेली होडी, हे सगळं कधी ना कधी माझं होतं. राजदूत अजून आहे. यातल्या प्रत्येकीत माणसाचा जीव घेण्याची ताकद होती, आणि प्रत्येकीत ती एखाद-दोन ठरावीक जागी बसलेली होती. ती जागा ओळखून तिथे सतत लक्ष ठेवणाऱ्याला गाडी सांभाळून घेते. लोक मात्र वेगाला दोष देऊन मोकळे होतात, आणि ब्रेकचे घासणारे लायनर, तेल-हवा अडवणारी रबरी ऑइल सील, टायर यांच्याकडे कोणी बघत नाही.

आधी ही गाडी काय होती ते सांगतो, कारण तुमच्या पिढीला तो काळ माहीत असायचं कारण नाही. यामाहाची आरडी ३५० जपानमध्ये १९७३ला आली. एस्कॉर्ट्सने तिची भारतीय आवृत्ती, म्हणजे राजदूत ३५०, १९८३ला बाजारात आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. 'हाय टॉर्क' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या गाड्यांना साडेतीस हॉर्सपॉवर, नंतरच्या 'लो टॉर्क' गाड्यांना सत्तावीस. आजच्या हिशेबाने हे आकडे किरकोळ वाटतील. पण त्या वेळी रस्त्यावरची दादा गाडी म्हणजे बुलेट ३५०, आणि तिची ताकद अठरा हॉर्सपॉवर. बाकी पोरं लुना आणि स्कूटरवर हात बसवलेली. अशा पोराने एकदम साडेतीनशेवर बसायचं, तेही बिनहेल्मेटचं. त्यात या इंजिनाचा स्वभाव असा की चार हजार आरपीएमपर्यंत ते सभ्यपणे चालतं. पाच हजाराच्या वर गेलं की अचानक उसळी घेतं आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पुढचं चाक हलकं होतं. ज्याला ही उसळी कुठे येते ते ठाऊक नाही, तो ओल्या वळणावर नेमका तिथेच ॲक्सिलरेटर पिळतो.

पण खरी मेख ब्रेकमध्ये होती. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे येताना तो गेला आणि ड्रम आला. इंजिन जपानी गाडीपेक्षा थोडं नरम केलं हे खरं, पण थांबवण्याची ताकद त्याहून जास्त कमी झाली. हा ड्रम वाईट नाही, हेही सांगायला हवं. त्यात ड्रमला आतून घासणारे दोन्ही शू लीडिंग आहेत, म्हणजे चाक पुढे फिरताना दोन्ही शू स्वतःच ड्रममध्ये खेचले जातात आणि पकड वाढते. नीट लावलेला असला तर एकदा, दोनदा तो उत्तम थांबवतो. तिसऱ्या-चौथ्यांदा मात्र ड्रम तापलेला असतो. तापला की तो फुगतो, शूपासून लांब जातो, लायनर चकाकतात आणि लिव्हर मुठीला टेकतो तरी गाडी पळतच राहते.

आता याला घाट जोडा. टू-स्ट्रोकला इंजिनाचा अटकाव जवळजवळ नसतो. बुलेट आंबा घाटात दुसऱ्या गिअरला टाकली की निम्मं काम इंजिन करतं. साडेतीनशे तिथे मोकळी सुटते आणि सगळा भार त्या ड्रमवर येतो. म्हणून गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मी पहिल्या उतारापासूनच सावकाश उतरतो. ब्रेक थोडा वेळ दाबून पूर्ण सोडतो, ड्रमला वारा घेऊ देतो, पुन्हा दाबतो. सतत हलकं धरून ठेवलेला ब्रेक सगळ्यात लवकर तापतो. अशा ड्रमची आणखी एक खोड आहे. दोन्ही शू लीडिंग असल्यामुळे चाक उलटं फिरायला लागलं की त्याची पकड एकदम ढिली पडते. चढावर ट्रकच्या मागे थांबलात आणि फक्त पुढच्या ब्रेकवर विसंबलात, तर गाडी मागे घरंगळते. चढावर मागचाच ब्रेक धरायचा.

दुसरी जागा म्हणजे इंजिन सीझ होणं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालचा दांडा (क्रँक) फिरतो त्या पेटीतून वर जातं, म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील हवाबंद असावी लागतात. डाव्या बाजूला डायनॅमो आणि ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट असतात, तिकडचं सील कडक होऊन फाटलं की बाहेरची हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, त्या सिलिंडरचा पिस्टन जास्त तापतो, फुगतो आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला चिकटतो. उजव्या, क्लचकडच्या सीलचं दुखणं वेगळं. ते गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि त्या बाजूच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. धुराने निदान ओरडून सांगितलं तरी. डावं सील गुपचूप मारतं.

माझी गाडी अशी एकदा हातकणंगल्याच्या पुढे सांगली रस्त्यावर सीझ झाली. आधी आवाज बदलला. भरल्या ॲक्सिलरेटरवर जो टणटणीत सूर असतो तो जरा बोथट झाला, आणि कोणीतरी मागून गाडी ओढतंय असं वाटलं. हे सगळं फार तर एका श्वासाएवढं. क्लचवर दोन बोटं होती, ती आपोआप आवळली गेली आणि गाडी तरंगत कडेला आली. क्लच दाबला नसता तर मागचं चाक जागीच अडकलं असतं. माझ्या वस्तादांनी शिकवायच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "टू-स्ट्रोकवर डावी बोटं क्लचवरनं उठली की मग परत बसायचीच न्हाईत." कडक शब्द होते, पण टू-स्ट्रोकबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच. गाडी टेंपोत घालून आणली. वस्तादांनी दोन्ही प्लग काढून फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले. उजवा चॉकलेटी, डावा तापून पांढराफटक. इंजिन उघडायच्या आधीच सील गेल्याचं त्यांनी सांगितलं होतं.

तिसरी गोष्ट यंत्राबाहेरची आहे, आणि ती लिहिताना अजून हात जड होतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा साडेतीनशेवर गेला. गाडी त्याने लखलखीत ठेवली होती, चालवायचाही चांगला. ऊसतोडीचा हंगाम होता, रात्रीची वेळ, आणि रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली टायर फुटून उभी. मागे लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. या गाडीचा हेडलाइट जेवढा रस्ता दाखवतो, तेवढ्या अंतरात ती ऐंशीच्या वेगातून थांबत नाही. गल्लीत सगळे म्हणाले, गाडीने खाल्लं पोराला. त्या दिवसापासून मी एक नियम केला, आणि तुमच्याकडूनही तोच मागतो. ही गाडी अंधार पडल्यावर हायवेला न्यायची नाही. पश्चिम महाराष्ट्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत तर अजिबात नाही.

जीप आणि होडीचंही सांगतो, कारण तुम्ही 'असल्या गाड्या' म्हणालात. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या विलीज लिलावात निघाल्या, त्यातल्याच एकीचा सांगाडा माझ्याकडे होता. वेगाच्या बाबतीत ती बिचारी गरीब. पण चारही चाकांच्या ब्रेकला तेल ढकलणारा एकच मास्टर सिलिंडर. एक पाइप गळला की चारही चाकांचा ब्रेक एका दमात जातो, आणि पायाखाली पेडल पोकळ होतं. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या मागे शाफ्टवर असतो, तो उभी गाडी धरण्यापुरता. म्हणून दर वेळी निघण्याआधी खाली वाकून चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का ते बघायचं, आणि ओढा ओलांडला की पुढचे शंभर-दोनशे मीटर ब्रेक हलका घासत ड्रम वाळवायचे. एवढं केलं तर ती फार गुणाची गाडी.

होडीच्या आउटबोर्डला आमच्याकडे रॉकेल वापरायचे. सुरुवात पेट्रोलवर, इंजिन तापलं की रॉकेल, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोल, म्हणजे कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरत नाही आणि पुढच्या वेळी इंजिन सुरू होतं. तेही टू-स्ट्रोकच, त्यामुळे ऑइलचं प्रमाण चुकलं की गत तीच. फरक असा की किनाऱ्यापासून लांब इंजिन बसलं तर गाडी कडेला घ्यायला कडाच नसते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली खडकच खडक आहेत. मावसभाऊ वल्ही आणि नांगर तपासल्याशिवाय दोरी ओढायचाच नाही. इंजिन सुरू झालं की त्याची पहिली नजर मागे पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेकडे. ती धार आली तर थंड करणारं पाणी फिरतंय. धार मंदावली की पंपाचं रबर गेलं किंवा कचरा अडकला. इंजिन तिथेच बंद, मग आवाज कितीही चांगला येत असो.

आता तुमची गाडी. सगळ्यात मोठी चूक गाडी मिळाल्याच्या दिवशीच होते. ताडपत्री निघते, चार मित्र जमतात, नवं पेट्रोल पडतं आणि किका बसतात. कृपा करून किक मारू नका. आत रिंगा बोअरला गंजून चिकटलेल्या असू शकतात, आणि जोर लावला की रिंग तुटते किंवा बोअरवर कायमची रेघ पडते. दोन्ही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल एकत्र करून सोडा आणि एक-दोन दिवस राहू द्या. मग गाडी मधल्या स्टँडवर, सहावा गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. हळूहळू सुटेल. नाही सुटलं तर हेड उघडा, हातोडीचा विचारही नको.

पुढचा प्रश्न वडिलांना विचारायचा आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे : ऑइलचा पंप चालू होता का? या गाडीला टू-टी ऑइलची वेगळी टाकी आणि आपोआप ऑइल देणारा पंप असतो. तो इंजिनाच्या फिरण्यावर आणि ॲक्सिलरेटरच्या ओढीवर चालतो. आपल्याकडे पुष्कळ मिस्त्रींनी तो काढून टाकला आणि येझदीसारखं पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायला सांगितलं. वरून गाडी तशीच दिसते. तुम्ही समजलात पंप आहे, टाकीत नुसतं पेट्रोल ओतलं आणि पंप नसला, तर दोन्ही पिस्टन काही किलोमीटरात जातील. खात्री होईपर्यंत पेट्रोलमध्ये लिटरला चाळीस मिली ऑइल घाला. धूर जास्त होईल, प्लग काळे होतील, पण इंजिन वाचेल. माझं मत विचाराल तर पंप ठेवावा. तो शुद्धीत असेल, केबलच्या खुणा जुळत असतील आणि नळीत हवा नसेल, तर हाताच्या मिश्रणापेक्षा तो शहाणा आहे. पंप खरंच काढलेला निघाला, तर घाटातली एक सवय लावून घ्या. उतारावर ॲक्सिलरेटर बंद राहिला की पेट्रोल आत जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही, आणि इंजिन मात्र जोरात फिरत असतं. दर थोड्या वेळाने क्लच दाबून ॲक्सिलरेटरला एक झटका द्यायचा. जुने येझदीवाले हे न सांगता करत.

इंजिन सुटलं आणि किक हलकी झाली तरी क्रँकची सील बदलल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. इतकी वर्षं उभ्या गाडीचं रबर चिवट राहिलेलं नसतं. क्रँक बाहेर काढावाच लागतो, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंगही बघून घ्या. बोअर करायची, म्हणजे सिलिंडर आतून कातून घ्यायची वेळ आली तर लेथवाल्याच्या शेजारी उभे राहा. आमच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम जाणणारे हात आहेत, पण त्यांनाही टू-स्ट्रोक आहे हे आठवण करून द्यावं लागतं. पिस्टन आणि बोअरमधली फट मूळ मापात चाळीस-पंचेचाळीस मायक्रॉनच्या आसपास आहे. बाजारातला वेगळ्या बनावटीचा पिस्टन वापरत असाल तर त्याच्या कंपनीने दिलेली फट धरा. बोअर झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या कडा हाताने मोडून घ्यायलाच हव्यात. धारदार कड राहिली की रिंग त्यात अडकते आणि मोडते. हे काम दिसत नाही, म्हणून वगळलं जातं.

पॉइंटचे दोन संच आहेत, एका सिलिंडरला एक. ठिणगीचं टायमिंग प्रत्येकाचं वेगळं लावायचं, पिस्टन वरच्या टोकाच्या सुमारे दोन मिलिमीटर आधी असताना, आणि तेही डायल गेजने, म्हणजे बारीक अंतर दाखवणाऱ्या काट्याच्या मापाने. अंदाजाने लावलेलं टायमिंग पुढे गेलं तर एक सिलिंडर तापत राहतो आणि त्याचं खापर सीलवर फुटतं. दोन्ही कार्बोरेटर एकाच वेळी उघडतात का तेही पाहा.

ब्रेकवर खर्च करताना हात आखडू नका. जुने शू वरून जाड दिसले तरी बदला, कारण डिंकाने चिकटवलेलं लायनर जुनं झालं की शूवरून निसटून ड्रममध्ये अडकतं. ड्रम लेथवर गोल करून घ्या. दोन्ही शूंना जोडणारा रॉड असा लावा की दोन्ही एकाच वेळी टेकतील. एक आधी टेकला तर निम्मा ब्रेक वाया, आणि ही चूक मला गॅरेजमध्ये येणाऱ्या बहुतेक गाड्यांत दिसते. पुष्कळ जण दुसऱ्या गाडीचा डिस्क बसवतात. थांबण्यासाठी तो चांगला, पण फोर्कवरचं, डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरचं बसकण वेल्डिंगने जोडलेलं असेल तर मी ती गाडी चालवणार नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार मूळ रचनेत बदल करता येत नाही, तेव्हा तपासणीला अडचण येते. टायर मात्र नक्षी कितीही शिल्लक असली तरी दोन्ही नवे.

कागदांचंही बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर आहे. तुमची मुदत केव्हाच संपली असेल, तेव्हा आरटीओत आधी थकबाकी विचारा, मग इंजिनावर पैसे घाला. व्हिंटेज नोंदणीचा सल्ला कोणी दिला तर ती सध्या उपयोगाची नाही. २०२१च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. तुमची १९८६ची गाडी तिथे २०३६ला पोहोचेल, आणि तशी नोंदणी झालेली गाडी रोज वापरता येत नाही.

हे सगळं झाल्यावर पहिली फेरी सकाळी, उजेडात, सपाट रस्त्यावर, एकट्याने. हेल्मेट, बूट, हातमोजे. चार हजारांच्या वर जायचं नाही, आणि एकाच वेगावर फार वेळ राहायचं नाही. खिशात दोन नवे प्लग आणि प्लगचा पाना असू द्या. आठ-दहा किलोमीटर झाले की चालत्या गाडीवरच क्लच दाबून किल्ली बंद करा, कडेला या, गाडी थोडी निवू द्या आणि दोन्ही प्लग काढून शेजारी शेजारी धरा. दोन्ही सारखे चॉकलेटी असतील तर घरी परत या आणि दुसऱ्या दिवशी थोडं लांब जा. एक पांढरा, एक काळा असेल, तर गाडी मिळेल त्या टेंपोत घाला, इंजिन चालू करून आणू नका. त्या दिवशी पाच हजाराच्या वर काय होतं ते बघायची घाई तुमच्या मित्रांना होईल, त्यांना बरोबरच नेऊ नका.